पोलिश कुलगुरूचं विद्यापीठ

सान्तियागोतल्या चिली विद्यापीठाचं कुलगुरूपद १८६७ ते १८८३ अशी सोळा वर्षं ज्या माणसाकडे होतं, तो त्याच्या कितीतरी आधी पोलिश साहित्यातलं एक पात्र होऊन बसला होता. आदाम मित्स्क्येविच या पोलंडच्या राष्ट्रकवीचं ‘जादी’ हे काव्यनाट्य प्रसिद्ध आहे. १८३२ मध्ये ड्रेस्डेनला लिहिलेल्या त्याच्या तिसऱ्या भागात विल्नियसच्या बाझिलियन मठाचा तुरुंग दिसतो. झारच्या पोलिसांनी पकडलेले विद्यार्थी रात्री एका कोठडीत जमले आहेत आणि झेगोता नावाचा तरुण एक गोष्ट सांगतो आहे. आदामाला नंदनवनातून घालवताना देवाने त्याच्यासाठी धान्याचे दाणे ठेवले. त्यांचं करायचं काय, हे आदामाला उमजेना. सैतानाला संशय आला, म्हणून त्याने शिंगाने जमीन उकरून दाणे पुरले आणि वरून माती तुडवली. वसंतात तिथे पीक उभं राहिलं.

हा झेगोता म्हणजे कवीचा जिवलग मित्र इग्नात्सी दोमेय्को. १८२३ मध्ये तो खरोखरच त्या मठात कैदेत होता. पुढे झारविरुद्धच्या १८३०-३१ च्या उठावात लढला, उठाव फसल्यावर सरहद्द ओलांडून प्रशियात गेला, ड्रेस्डेनला मित्स्क्येविचच्या सोबत राहिला आणि मग पॅरिसला पोहोचला. तिथल्या पोलिश निर्वासितांचा बराच वेळ परतीची स्वप्नं रंगवण्यात जाई. दोमेय्कोने मात्र खाणशास्त्राच्या विद्यालयात नाव घातलं आणि १८३७ मध्ये पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी सहा वर्षांच्या करारावर तो चिलीला निघाला. समुद्रमार्गे बुएनोस आइरेस, तिथून गवताळ मैदानं आणि अँडीज पर्वत ओलांडून कोकिम्बो प्रांतातलं ला सेरेना हे गाव. सहा वर्षांच्या बोलीने आलेला हा माणूस १८८९ मध्ये सान्तियागोतच वारला.

ला सेरेनात त्याने तांबं आणि चांदीच्या खाणींच्या मुलखातल्या मुलांना रसायन आणि खनिजशास्त्र शिकवलं. धातूची कस-परीक्षा कशी करावी यावरचं पाठ्यपुस्तक त्याने स्पॅनिशमध्ये लिहिलं, पाठोपाठ खनिजशास्त्रावरचंही. मापुचे लोकांच्या अराउकानिया प्रदेशात फिरून १८४५ मध्ये त्याने एक पुस्तक काढलं. त्या लोकांवर शस्त्र चालवण्याऐवजी शाळा काढाव्यात असं त्यात त्याने मांडलं. ज्याचा स्वतःचा देश बंदुकीच्या जोरावर गिळला गेला होता, त्याने हे लिहिलं याला मी फार मोल देतो.

चिली विद्यापीठ १८४२ च्या कायद्याने स्थापन झालं. पहिले कुलगुरू आंद्रेस बेयो हे व्हेनेझुएलात जन्मलेले कवी आणि वैयाकरण. सुरुवातीला विद्यापीठ मुळी शिकवतच नसे. विद्वानांची सभा आणि देशातल्या शिक्षणावर देखरेख एवढंच त्याचं काम होतं. दोमेय्कोला ते अपुरं वाटे. विद्यापीठात प्रयोगशाळा हव्यात, तिथे संशोधन व्हावं आणि ज्या जमिनीवर देश वसला आहे ती जमीन तिथल्या तरुणांनी स्वतः वाचावी, असा त्याचा आग्रह होता. मला या संस्थेचं सगळं वैशिष्ट्य या आग्रहात दिसतं, कारण चिलीची जमीन न वाचणाऱ्याला फार महागात पडते.

त्या जमिनीचा एक धडा म्हणजे किसापू. मध्य चिलीतल्या सेरो आसूल पर्वताच्या कुशीत नोव्हेंबर १८४६ मध्ये हे नवं ज्वालामुखीमुख फुटलं. दोमेय्कोने नंतर तिथे जाऊन ताज्या लाव्ह्याचं वर्णन केलं. त्या उद्रेकात सुमारे पाच घन किलोमीटर दाट लाव्हा बाहेर पडला, तोही सावकाश वाहत. पुढे एप्रिल १९३२ मध्ये तेच मुख पुन्हा जागं झालं आणि या वेळी त्याचा स्फोट झाला. राख बुएनोस आइरेसपर्यंत, त्याही पलीकडे ब्राझीलपर्यंत पडली. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांमध्ये त्याची गणना होते. भूशास्त्रज्ञांना चक्रावणारी गोष्ट अशी की दोन्ही वेळचा शिलारस जवळजवळ एकाच घडणीचा होता. मग एकदा वाहिला आणि एकदा फुटला, असं का? एक मांडणी अशी आहे: १८४६ मध्ये खालून आलेल्या जास्त तप्त शिलारसाने वरचा साठा तापवला. तो पातळ झाला आणि वर चढता चढता त्यातला वायू निसटून गेला. १९३२ मध्ये असं तापणं फारसं झालं नाही. रस घट्ट राहिला, वायू आत कोंडला आणि त्याने साठ्याच्या चिंधड्या केल्या. अशा प्रश्नावर काम करणाऱ्या आजच्या संशोधकाला दोमेय्कोच्या नोंदींकडे जावंच लागतं.

या नोंदी करणारा हात साहित्यिकाचाही होता. शास्त्रीय ग्रंथ स्पॅनिशमध्ये लिहिले तरी प्रवासाची वही त्याने आयुष्यभर पोलिशमध्ये ठेवली. विल्नियसच्या विद्यार्थिदशेवरच्या त्याच्या आठवणी १८७२ मध्ये छापल्या गेल्या. ‘माझे प्रवास’ हे तीन खंडांचं आत्मकथन मात्र पोलंडमध्ये १९६२-६३ मध्ये निघालं. त्यामुळे ‘जादी’चा अभ्यासक आणि अँडीजचा अभ्यासक एकाच माणसाच्या कागदांपाशी येऊन पोहोचतात.

ज्वालामुखीची राख सान्तियागोच्या घरांतही आहे. लाखो वर्षांपूर्वी माइपो ज्वालामुखीजवळच्या एका प्रचंड उद्रेकात आग ओकत आलेले राखेचे लोंढे आजच्या शहराच्या जागेपर्यंत पोहोचले. शहराच्या पश्चिमेला पुदावेल भागात त्यांचे थर आहेत. तिथली राख खणून सिमेंटमध्ये मिसळतात. अशा राखेला पोझोलाना म्हणतात. ती बारीक ज्वालामुखी काच असते. सिमेंट पाण्याशी मिळताना जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी या काचेतली सिलिका हळूहळू संयोग पावते आणि काँक्रीटमधली पोकळी भरत जाते. ताकद उशिरा येते, पण उष्णता कमी निघते आणि खारं पाणी, गंधकयुक्त माती सोसण्याची कुवत वाढते. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या चुन्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घालत, तिचंही रसायन हेच. दख्खनच्या काळ्या पाषाणाची उत्तम खडी होते, पण सावकाश थिजून तो स्फटिकमय झालेला असल्याने हे काम त्याला नीट साधत नाही. त्यासाठी झटकन थंड झालेली काचच लागते.

अशा बांधकाम-साहित्याची पारख विद्यापीठात १८९८ पासून चालते. त्या वर्षी सुरू झालेली पदार्थांच्या बळाची कार्यशाळा आता साहित्य-परीक्षणाची मोठी संस्था झाली आहे. १९०६ च्या वाल्पाराइसो भूकंपानंतर १९०८ मध्ये सरकारने भूकंपमापन सेवा उभारली. तिचा वारसा आजही विद्यापीठच चालवतं. २२ मे १९६० रोजी वाल्दिवियाला ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. मोजला गेलेला त्याहून मोठा भूकंप जगात नाही. दोनच दिवसांत कोर्दोन काउये ज्वालामुखी फुटला. जमीन, आग आणि इमारत यांचा अभ्यास इथे वेगवेगळ्या विभागांत ठेवून भागत नाही.

१९८५ च्या भूकंपात चिलीच्या काँक्रीट-भिंतींच्या इमारती इतक्या चांगल्या टिकल्या की १९९६ च्या नियमावलीने भिंतींच्या कडांना दाट रिंगांनी आवळण्याच्या अटीतून सूट दिली. दरम्यान इमारती उंच होत गेल्या आणि भिंती पातळ. २७ फेब्रुवारी २०१० च्या ८.८ तीव्रतेच्या भूकंपाने या सुटीचा हिशेब मागितला. कितीतरी भिंतींच्या कडा चिरडल्या, सळया बाहेर वाकल्या. कोन्सेप्सियोनची ‘आल्तो रिओ’ ही पंधरा मजली इमारत आडवी झाली आणि आठ माणसं गेली. देशातल्या अभियंत्यांनी आणि प्राध्यापकांनी मोडलेल्या भिंती एकेक करून तपासल्या. २०११ मध्ये नियम बदलले: भिंतीवरच्या दाबाला मर्यादा आली, कडांना रिंगा सक्तीच्या झाल्या. तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळांमध्ये पातळ भिंतींचे नमुने ओतून, पुढेमागे ढकलून, मोडेपर्यंत तपासले जात आहेत.