गाडीचं कोडिंग आणि गॅरेजमधलं शिळं सॉफ्टवेअर

डिझेल गाडीचा इंजेक्टर बदलला, नट आवळले, गाडी सुरूही झाली. तरी काम संपलेलं नसतं. अनेक नव्या इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा बारीक कोड कोरलेला असतो. एकाच कारखान्यातले दोन इंजेक्टरही डिझेल तंतोतंत सारखं फवारत नाहीत. त्यांच्यातला हा फरक त्या कोडमध्ये असतो. मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो आणि तो कोड ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, भरतो. हे झालं कोडिंग.

प्रोग्रॅमिंगचा मामला याहून मोठा. कोडिंगमध्ये मॉड्यूलला, म्हणजे ईसीएमसारख्या संगणकाला, गाडीची माहिती पुरवतात. प्रोग्रॅमिंगमध्ये त्यातलं जुनं सॉफ्टवेअर पुसून नवं लिहितात.

कधीकधी सगळी दुरुस्ती एवढीच असते. फेब्रुवारी २०१४मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या. हायब्रिड यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमुळे काही ट्रान्झिस्टर जादा तापून गाडी बंद पडण्याचा धोका होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या संशोधकांनी चालत्या जीप चेरोकीचा ताबा दुरून, इंटरनेटवरून घेऊन दाखवला. जीप बनवणाऱ्या फियाट क्रायस्लरला १४ लाख गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. मालकांना त्यासाठी पेनड्राइव्ह पोस्टाने गेले.

पण गाडीत नवं सॉफ्टवेअर भरायचं, तर गॅरेजच्या लॅपटॉपवरचं आधी ताजं हवं. जुन्या आवृत्तीला नव्या मॉडेलचं मॉड्यूल ओळखूच येत नाही. कंपनीचा सर्व्हरही अशा लॅपटॉपला दारातूनच परत पाठवू शकतो. लॅपटॉप आणि गाडी यांना जोडणाऱ्या इंटरफेसचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. तेही मागे राहून चालत नाही. म्हणून जाणते मेकॅनिक हे अपडेट आदल्या दिवशीच उरकतात, गिऱ्हाइकाची गाडी जोडून ठेवून नव्हे.

खरी कसोटी त्यापुढे. इग्निशन चालू, इंजिन बंद, स्क्रीनवर टक्केवारी सरकतेय आणि बॅटरी उतरतेय. मध्येच व्होल्टेज पडलं, तर मॉड्यूल अर्धवट लिहिलेलं राहतं आणि धडधाकट गाडी जागची हलत नाही. त्यासाठी बॅटरीला स्थिर वीज देणारा सप्लाय लावतात आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवतात.

गाडी प्रोग्रॅमिंगला देताना दोन गोष्टी विचारून घ्या: सॉफ्टवेअर अधिकृत आणि अद्ययावत आहे का, आणि बॅटरीला सप्लाय लावणार का? काम झाल्यावर सॉफ्टवेअरचा जुना आणि नवा क्रमांक बिलावर लिहून मागा.