नवे ग्राफिक्स कार्ड आणि काळा पडदा

नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, बटण दाबले आणि पडदा काळाच राहिला, की पहिला संशय नव्या कार्डावर जातो. कार्ड दुकानात परत जाते, बदलून येते आणि तरीही संगणक सुरू होत नाही. याचे कारण असे, की दोष बऱ्याचदा कार्डात नसून वीजपुरवठ्यात, केबलमध्ये, कार्ड बसवण्याच्या पद्धतीत किंवा मदरबोर्डच्या बायोसमध्ये असतो. तो शोधायला महागडी उपकरणे लागत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम पाहायचा, एवढी शिस्त पुरते.

नेमके काय होते आहे?

‘संगणक सुरू होत नाही’ या एका तक्रारीत चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. पहिल्यात बटण दाबूनही पंखा हलत नाही, दिवा लागत नाही. दुसऱ्यात पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. तिसऱ्यात संगणक सुरू होतो आणि लगेच किंवा गेम लावताच बंद पडतो. चौथ्यात कंपनीचा लोगो दिसतो आणि विंडोज उघडण्याच्या वेळी पडदा काळा होतो.

बटण दाबल्यावर एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, आपले व्होल्टेज स्थिर झाल्याचा संकेत मदरबोर्डला देतो. मग प्रोसेसर बायोसमधील सूचना चालवू लागतो; रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांची तपासणी होते. ग्राफिक्स कार्डावर त्याचा स्वतःचा छोटा बायोस असतो. तो चालला की पडद्यावर पहिले चित्र उमटते. हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरील विंडोजची पाळी त्यानंतर येते. म्हणून लोगोच दिसत नसेल, तर विंडोज किंवा ड्रायव्हर यांना दोष देण्यात अर्थ नाही. उलट लोगो स्वच्छ दिसून पुढे अडत असेल, तर कार्ड आणि त्याचा वीजपुरवठा किमान सुरुवातीपुरता ठीक आहे असे धरता येते.

आधी जुनी स्थिती

तपासणीची सुरुवात नवे कार्ड काढून करावी. वायर भिंतीच्या प्लगमधून काढावी, पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेली वीज निघून जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. मग जुने कार्ड परत बसवावे. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असेल, तर कार्डाशिवाय मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडावा. ही सोय प्रत्येक प्रोसेसरमध्ये नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्यांत ती नसते. एएमडीच्या डेस्कटॉप रायझन प्रोसेसरांत ५००० मालिकेपर्यंत ती मुख्यतः ‘जी’ अक्षराच्या मॉडेलांतच होती. २०२२ मध्ये आलेल्या ७००० मालिकेपासून ती बहुतेकांत आहे.

जुन्या स्थितीत संगणक सुरू झाला, तर बाकी यंत्र शाबूत आहे. तसेही सुरू झाला नाही, तर कॅबिनेटमध्ये हात घालताना काहीतरी सैल झाले असण्याची शक्यता मोठी. रॅम काढून दोन्ही टोकांनी टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची केबल आणि पुढच्या बटणाच्या बारीक तारा पाहाव्यात.

यानंतर मॉनिटरची केबल. नवे कार्ड बसवूनही केबल मदरबोर्डच्या जुन्या पोर्टमध्येच राहणे ही अगदी नेहमीची चूक आहे. कार्ड बसवल्यावर अनेक मदरबोर्ड आपले स्वतःचे पोर्ट आपोआप बंद करतात. म्हणून केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये हवी आणि मॉनिटरच्या मेनूत तोच इनपुट निवडलेला हवा. डिस्प्लेपोर्टने चित्र येत नसेल, तर एकदा एचडीएमआयने पाहावे. २०१८ मध्ये एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी फर्मवेअरची सुधारणा दिली होती. नव्या डिस्प्लेपोर्ट मॉनिटरांवर विंडोज उघडेपर्यंत काहीच न दिसण्याची अडचण तिच्यामुळे दूर झाली.

विजेचा हिशेब

सर्वांत जास्त लक्ष वीजपुरवठ्याकडे द्यावे लागते. पीसीआय एक्सप्रेसच्या लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढची वीज एसएमपीएसमधून वेगळ्या केबलने द्यावी लागते: ६ पिनांच्या केबलने ७५ वॅट, ८ पिनांच्या केबलने १५० वॅट. ही केबल जोडायची राहिली, तर पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. काही कार्डे अशा वेळी पडद्यावर तशी सूचना दाखवतात.

कार्यालयांतून निवृत्त झालेले डेस्कटॉप स्वस्तात घेऊन त्यांना गेमिंगसाठी कार्ड जोडण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत असे संगणक सहज मिळतात. त्यांतले एसएमपीएस पुष्कळदा २४० ते ३०० वॅटचेच असतात आणि त्यांना कार्डासाठीची केबल नसते. अशा यंत्रात ७५ वॅटचे जीटीएक्स १०५० टीआय केवळ स्लॉटच्या विजेवर चालू शकते. २०२१ मध्ये आलेले आरटीएक्स ३०६० मात्र १७० वॅट घेते आणि एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तिथे एसएमपीएस बदलण्याला पर्याय नाही. बदलतानाही सावधगिरी हवी, कारण तयार मिळणाऱ्या काही डेस्कटॉपांत मदरबोर्डची वीजजोडणी प्रमाणित नसते आणि बाजारातला नेहमीचा एसएमपीएस तिथे थेट बसत नाही.

केबल नाही म्हणून हार्ड डिस्कसाठीच्या साटा जोडणीतून कार्डाला वीज देणारे अडॅप्टर विकले जातात. साटाच्या जोडणीची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅट आहे. तिच्यावर ७५ किंवा १५० वॅटचा भार टाकला, तर प्लास्टिक वितळून आग लागू शकते. हे अडॅप्टर वापरूच नयेत. प्रोसेसरची ८ पिनांची केबल आणि कार्डाची ८ पिनांची केबल दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांतील १२ व्होल्टच्या तारांची बाजू उलट असते. कार्डाची केबल बहुधा ६ अधिक २ अशी विभागलेली असते, प्रोसेसरची ४ अधिक ४. जोर लावून एकीच्या जागी दुसरी बसवणे घातक ठरते. सुट्या केबलांच्या एसएमपीएसबाबत आणखी एक नियम पाळावा: एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावू नये. एसएमपीएसकडच्या टोकाची रचना कंपनीगणिक आणि कधी मॉडेलगणिकही बदलते.

अलीकडच्या मोठ्या कार्डांना ६०० वॅटपर्यंत वीज नेणारी १६ पिनांची जोडणी असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० चे काही कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा ते पूर्ण आत न बसणे हे एक प्रमुख कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले. २०२३ मध्ये या जोडणीत सुधारणा झाली आणि सूचक पिना आखूड करण्यात आल्या, त्यामुळे अर्धवट बसलेल्या कनेक्टरमधून वीज घेतली जाण्याचा धोका कमी झाला. तरीही कनेक्टर आणि कार्ड यांच्यात फट नाही ना, हे डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे.

गेम लावताच संगणक बंद पडत असेल, तर कारण बहुधा विजेतच सापडते. कार्ड क्षणभर आपल्या नेमून दिलेल्या वॅटपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. जुना किंवा हलका एसएमपीएस त्याला धोका समजून बंद होतो. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच ग्राफिक्स कार्ड वापरणाऱ्या संगणकांच्या एसएमपीएसने काही मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा, अशी अपेक्षा नोंदवली गेली.

स्लॉट आणि मदरबोर्डचे संकेत

कार्ड प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये, खटका लागेपर्यंत बसलेले असावे. जड कार्ड खाली झुकते, किंवा मागची पट्टी कॅबिनेटला अडते आणि सोनेरी पट्ट्यांचा एक कोपरा उचललेला राहतो. कार्ड काढून पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसाव्यात आणि ते पुन्हा बसवावे. मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट असेल, तर चाचणीपुरते तिथेही लावून पाहता येते.

अनेक नव्या मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. व्हीजीएचा दिवा लागून राहिला, तर अडचण कार्डाशी निगडित आहे. डीरॅमचा लागून राहिला, तर कार्ड सोडून रॅमकडे वळावे. जुन्या मदरबोर्डांवर हे काम बीपच्या आवाजांनी होते. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप हे डिस्प्लेच्या बिघाडाचे चिन्ह. एएमआय बायोसमध्ये आठ आखूड बीप. कॅबिनेटमध्ये स्पीकर नसेल, तर बीप ऐकू येत नाहीत.

बायोस आणि ड्रायव्हर

वीज, केबल आणि बसवणी ठीक असूनही डिस्प्ले येत नसेल, तर बायोसकडे वळावे. प्लग काढून मदरबोर्डवरील नाण्यासारखा सेल काही मिनिटे काढून ठेवला, किंवा माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना जोडल्या, की बायोस मूळ स्थितीत येतो. मदरबोर्डच्या कंपनीने नवा बायोस दिला असेल, तर जुने कार्ड लावलेले असताना तो चढवावा.

जुने बायोस आणि नवे यूईएफआय यांतील फरक इथे महत्त्वाचा ठरतो. जुनी पद्धत चालू ठेवणारी सीएसएम नावाची सोय बंद असेल, तर ज्या जुन्या कार्डांच्या बायोसला यूईएफआय समजत नाही, ती चित्र दाखवत नाहीत. मात्र ही सोय उलटसुलट केल्यास विंडोजच सापडेनासे होऊ शकते, कारण जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली डिस्क शुद्ध यूईएफआयमध्ये बूट होत नाही. डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असलेल्या संगणकात बायोस बदलल्यावर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते; ती आधीच लिहून ठेवावी. कार्ड उभे बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल आणि ती पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची असेल, तर बायोसमध्ये स्लॉटचा वेगही तिसऱ्या पिढीवर आणावा.

लोगोनंतर पडदा काळा होत असेल, तर ड्रायव्हर तपासावा. विंडोज सलग काही वेळा अर्धवट सुरू होऊन बंद पडले, की दुरुस्तीचा पडदा येतो; तिथून सेफ मोडमध्ये जाता येते. एएमडीचे कार्ड काढून एनव्हिडियाचे, किंवा उलट, बसवले असेल तर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत साधनाने जुना ड्रायव्हर पुसावा आणि नवा कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

कार्डाची खरी परीक्षा

एवढे करूनही उपयोग झाला नाही, तर पुरेशा एसएमपीएसच्या दुसऱ्या संगणकात कार्ड लावून पाहावे. तिथेही डिस्प्ले आला नाही, तरच दोष कार्डाचा. वापरलेल्या कार्डांबाबत ही परीक्षा पैसे देण्यापूर्वीच घ्यावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग थांबल्यावर त्यासाठी वापरलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली आणि त्यांतल्या काहींचे बायोस बदललेले होते. कार्डावर दोन बायोसची कळ असेल, तर दुसरीकडे सरकवून पाहावे.

नवे कार्ड घेण्याआधी चार गोष्टी कागदावर उतरवाव्यात: एसएमपीएसचे वॅट, त्याला असलेल्या ग्राफिक्स केबलांची संख्या, कॅबिनेटमधली मोकळी लांबी आणि मदरबोर्डच्या बायोसची आवृत्ती. बिल आणि कार्डावरचा अनुक्रमांक जपून ठेवावा. ही यादी हातात घेऊन दुकानात जाणाऱ्यावर काळा पडदा पाहण्याची वेळ क्वचितच येते.