रूट पासवर्ड मिळण्याआधी

सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेशनची आवड असलेले बरेच विद्यार्थी ओपन सोर्स इंटर्नशिपचा अर्ज भरायच्या आधीच माघार घेतात. त्यामागचा समज असा : कोड लिहिणाऱ्याला घरी बसून चार ओळी दुरुस्त करून दाखवता येतात, पण सर्व्हर सांभाळणाऱ्याने दाखवायचे काय? सर्व्हर दुसऱ्याचा, पासवर्ड दुसऱ्याकडे. मग हाती उरतात मार्क आणि एखादे सर्टिफिकेट. सर्व्हरवर लॉगिन करून एकेक सेटिंग हाताने बदलायचे दिवस होते, तेव्हा यात तथ्य होते. आता मोठ्या प्रकल्पांत सर्व्हर कसा उभा करायचा हे साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असते आणि अशा पुष्कळ फायली कुणालाही वाचता येतात. फेडोरा लिनक्सच्या सर्व्हरांची अॅन्सिबल या साधनासाठी लिहिलेली मांडणी उघड आहे. पासवर्ड आणि किल्ल्या तेवढ्या वेगळ्या ठेवलेल्या. त्यांच्या इन्फ्रास्ट्रक्चर गटाने नवख्यांसाठी उमेदवारीची सोयही केली. अशा उमेदवाराला सर्व्हरवर जाऊन पाहता येते, बदलता मात्र काही येत नाही. दुरुस्ती सुचवायची ती फायलीत, आणि ती तपासून लागू करतो जुना माणूस. म्हणजे पासवर्ड नसतानाही काम दाखवता येते, आणि निवड मुख्यतः त्या कामावरच होते.

फायलीतली दुरुस्ती म्हणजे किरकोळ काम, असे मात्र समजू नये. समजा, सर्व्हरच्या एका कॉन्फिगरेशन फायलीत एक ओळ घालायची आहे. नवखा अर्जदार शेल कमांड लिहून फायलीच्या शेवटी ओळ जोडतो. काम झाल्यासारखे दिसते. पण प्लेबुक, म्हणजे अॅन्सिबलची ही सूचनांची फाइल, त्याच सर्व्हरवर पुन्हा पुन्हा चालवायचे असते. दुसऱ्या वेळी तीच ओळ दोनदा, दहाव्या वेळी दहादा. हेच लाइनइनफाइल या मॉड्यूलने केले, तर ओळ आधीच आहे का हे ते पाहते आणि असेल तर फायलीला हात लावत नाही. प्लेबुक दुसऱ्यांदा चालवल्यावर शेवटच्या गोषवाऱ्यात ‘चेंज्ड’पुढे शून्य यायला हवे. ते शून्य स्वतः पाहून मगच पॅच पाठवणाऱ्या विद्यार्थ्यावर मेंटॉरचा जो विश्वास बसतो, तो दहा पानी प्रस्तावाने बसत नाही. गूगलचा ‘समर ऑफ कोड’ हा कोडचा कार्यक्रम, तिथे सर्व्हरवाल्यांचे काय काम, या शंकेचे उत्तरही इथेच आहे. प्लेबुक, त्याच्या चाचण्या, देखरेखीची साधने हे सगळे कोडच. फक्त ‘तीन महिने सर्व्हर सांभाळीन’ असा प्रस्ताव तिथे चालणार नाही. मागे काय तयार करून ठेवणार, हे सांगावे लागते.

नियमांबद्दलचे गैरसमज थोडक्यात उरकता येतात. समर ऑफ कोड २००५ साली सुरू झाला. पूर्वी तो विद्यार्थ्यांपुरता होता. २०२२पासून अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, ओपन सोर्समध्ये नवख्या असलेल्या इतरांनाही खुला आहे. ती गूगलमधली नोकरी नव्हे, इंटर्नशिपही नव्हे. उमेदवार निवडतात त्या त्या प्रकल्पाची माणसे, आणि मानधनाची रक्कम देशानुसार बदलते. आउटरीची या दुसऱ्या कार्यक्रमात मानधन ७००० डॉलर ठरलेले आहे. तो क्षेत्रात कमी प्रतिनिधित्व असलेल्यांसाठी आहे. तिथे प्राथमिक अर्ज मंजूर झाल्यावर प्रकल्पात प्रत्यक्ष योगदान द्यावेच लागते. त्याशिवाय निवडीचा विचारच होत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. निवड होण्याआधीच काम करायचे म्हणजे फुकट राबणे. ज्याच्या घरी स्वतःचा लॅपटॉप आणि रिकामी संध्याकाळ आहे त्यालाच ते परवडते. मार्च-एप्रिलमध्ये अर्जाची मुदत आणि परीक्षा एकाच वेळी डोक्यावर असतात, हेही खरे. ही विषमता आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण योगदानांची संख्या मोजली जाते असे धरून रात्री जागवणारे विद्यार्थी ही विषमता स्वतःच वाढवून घेतात. नीट तपासलेली एक दुरुस्ती आणि तिच्यावरच्या शंकांना दिलेली सरळ उत्तरे पुरेशी बोलतात.

दुसरा आक्षेप : काम चांगले दिसले की लगेच अधिकार का देत नाहीत? मार्च २०२४मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो एक्सझेड या लायब्ररीत दडवलेल्या चोरदरवाजापर्यंत पोचला. तो घुसवणाऱ्याने ‘जिया टॅन’ या नावाने दोन वर्षांहून अधिक काळ मदत करत प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता. तेव्हा नवख्याला नुसते पाहण्याचा अधिकार देणे हा अपमान नव्हे. आणि त्या प्रसंगात चोरी पकडली गेली ती कुठल्याही विशेष अधिकाराने नव्हे, बारीक लक्षाने.

तसे लक्ष घरच्या व्हर्च्युअल मशीनवरही कमावता येते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐन वेळी त्यांतली एकही भरवशाने उपयोगी पडली नाही, आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सारे जाहीर लिहून ठेवले आहे. अर्जदाराने ते वाचावे, आपल्या मशीनवर छोटा डेटाबेस उभारावा, बॅकअप घ्यावा, डेटाबेस पुसावा आणि परत आणून पाहावा. किती मिनिटे लागली, कुठे अडले, काय परत आलेच नाही, हे जसेच्या तसे अर्जात लिहावे.