नौकेचा पंखा आणि ओढीची दोरी

हुबळी-धारवाडच्या माणसाला समुद्र काही अगदी परका नाही. घाट उतरला की कारवार लागते, आणि तेथून थोडे उत्तरेला वळले की गोवा. किनाऱ्यावर वेगवान मोटरबोटीमागे दोरी धरून, पायांत लांब पट्ट्या अडकवून पाण्यावरून सरकत जाणारा खेळाडू आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. या खेळाला वॉटर-स्कीइंग म्हणतात. १९२२ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणाने पाइनच्या फळ्यांची टोके वाकवून तो प्रथम साधला. पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच खेळाडूकडे असते. परंतु त्याला पाण्यातून वर उचलण्याचे खरे काम नौकेच्या मागे, पाण्याखाली फिरणारा वीतभर त्रिज्येचा एक पंखा करीत असतो. हा पंखा निवडावा कसा, हा आजचा विषय.

या पंख्याला इंग्रजीत प्रॉपेलर म्हणतात. मूळ कल्पनेने पाहिले तर तो एक मळसूत्रच आहे. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो जसा ठरावीक अंतर आत शिरतो, तसाच पंखाही एका फेऱ्यात पाण्यातून ठरावीक अंतर पुढे जाऊ पाहतो. या अंतराला पिच म्हणतात. आपण त्याला पंख्याचा पल्ला म्हणू. पंख्यावर १३ × १७ असे आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिला आकडा व्यासाचे इंच आणि दुसरा पल्ल्याचे इंच सांगतो. मात्र पाणी म्हणजे लाकूड नव्हे. ते मागे सरकते, आणि त्यामुळे पंख्याला पूर्ण पल्ला कधीच मिळत नाही. ही तूट म्हणजे घसर.

एक हिशेब करून पाहू. इंजिन मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि गिअरमुळे पंख्याचे फेरे निम्मे, म्हणजे २,७०० होतात असे धरा. १७ इंच म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर. या पल्ल्याने ताशी ७० किलोमीटर वेग निघतो. पैकी १५ टक्के घसर वजा केली की ६० च्या आसपास उरतो. स्पर्धेतील निष्णात पुरुष खेळाडूलाही ताशी ५८ किलोमीटरहून अधिक वेगाने ओढले जात नाही, आणि नवशिक्या प्रौढाला तर ३० ते ४० पुष्कळ होतात. मग हा पंखा पुरेसा नाही काय?

अडचण आहे ती आरंभाच्या क्षणी. खेळाडू छातीपर्यंत पाण्यात असतो आणि त्याचे सारे शरीर पाण्याला आडवे येते. त्याच वेळी नौकेलाही नाक खाली आणून पाण्याच्या पृष्ठावर आरूढ व्हायचे असते. हे दोन्ही भार एकदम पडतात. खेळाडू एकदा उभा राहिला की विरोध झपाट्याने उतरतो. चढावर भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलांची खरी कसोटी चाक हलण्याच्या पहिल्या क्षणी लागते, तसेच हे आहे. उचल संथ झाली तर खेळाडू फरफटत जातो, नाकातोंडात पाणी जाते, खांदे ताणले जातात, आणि शिकण्याची उमेद पहिल्याच दिवशी संपते.

म्हणून ओढीच्या नौकेला सर्वाधिक वेगाचा पंखा उपयोगी नाही. तिला पकड असलेला पंखा हवा. सायकलस्वार चढावर हलका गिअर घेतो त्याप्रमाणे येथे पल्ला एक-दोन इंचांनी कमी करावा. ढोबळ नियम असा, की पल्ला एक इंचाने घटला की इंजिनाचे फेरे मिनिटाला १५० ते २०० नी वाढतात. तीन पात्यांऐवजी चार पात्यांचा पंखा घेतला तर पकड वाढते आणि वळणावर पंखा हवा ओढून निसटत नाही. फक्त टोकाचा वेग थोडा कमी होतो. पात्याची मागची कड किंचित वळवलेली असेल तर तीही पाणी धरून ठेवण्यास मदत करते.

ओढीचे महत्त्व इतिहासानेही दाखवून दिले आहे. एप्रिल १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘रॅटलर’ हे मळसूत्री पंख्याचे जहाज आणि ‘अलेक्टो’ हे बाजूच्या चाकांचे जहाज शेपटीला शेपूट बांधून उलट दिशांना चालविले. दोन्ही वाफेची जहाजे होती आणि त्यांची शक्ती जवळपास सारखी होती. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ची चाके पूर्ण वेगाने फिरत असतानाही तिला मागे ओढत नेले.

आता आपल्या पठाराची गोष्ट. किनाऱ्यावर उत्तम चालणारी नौका कोणी घाटावर आणली, तर तिचा पंखा येथे तसाच चालेल असे धरून चालू नये. मलप्रभेवरील नविलुतीर्थाचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंच आहे. काळी नदीवरील सुपा धरणाची पूर्ण पातळी ५६४ मीटर आहे. उंचीवर हवा विरळ होते आणि साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के घटते. म्हणजे शंभर अश्वशक्तीचे इंजिन नविलुतीर्थाला ९४ चेच उरते. शिवाय गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून अडीच टक्के हलके असल्याने नौका किंचित अधिक बुडते.

समजा, इंजिनाच्या कर्त्याने पूर्ण वेगासाठी ५,००० ते ६,००० फेऱ्यांची मर्यादा सांगितली आहे. कारवारला १७ इंची पंख्याने ५,४०० फेरे मिळत होते; येथे दोन माणसे आणि खेळाडू यांच्यासह ते ४,९०० वर अडकले. इंजिन दमते आहे, याची ही खूण होय. असेच ते चालवीत राहिले तर ते तापते, आत काजळी धरते आणि त्याचे आयुष्य घटते. १५ इंची पंखा लावला की फेरे ५,२०० ते ५,३०० वर येतील आणि उचलही सुधारेल. पण हाच पंखा पुन्हा किनाऱ्यावर नेऊन हलक्या नौकेला लावला तर फेरे ६,००० च्या पलीकडे जाऊ शकतात. तेही इंजिनाला तितकेच घातक. म्हणून फेरे मोजणारे घड्याळ नौकेवर हवेच. नेहमीचा भार घेऊन पूर्ण वेगाने एक फेरी मारावी, आकडा पाहावा आणि मग पंखा ठरवावा.

धातूचाही विचार हवा. पोलादी पंख्याची पाती पातळ असूनही वाकत नाहीत, म्हणून ती पाणी चांगले कापतात; मात्र खडकावर आपटली तर धक्का गिअरपर्यंत पोहोचू शकतो. ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त असतो आणि आघात झाल्यास बहुधा स्वतः वाकून मोकळा होतो. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरून खडक वर येतात, तेव्हा नवख्याने ॲल्युमिनियमचा पंखा वापरून एक जादा जवळ ठेवणे शहाणपणाचे. पाते थोडेसे वाकले तरी नौका थरथरते आणि ओढ कमी होते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. ज्या पात्यांनी खेळाडू वर उचलला जातो, तीच पाती त्याच्या जिवावर उठू शकतात. खेळाडू पाण्यात असताना नौका जवळ आणली की इंजिन पूर्ण बंद करावे. नुसता गिअर काढून भागत नाही. चालकाने इंजिन बंद पाडणारी दोरी अंगाला बांधलेली असावी, आणि मागे पाहणारा दुसरा माणूस नौकेत असावा. नविलुतीर्थाचे पाणी हुबळी-धारवाडच्या नळांना येते, हे ध्यानी ठेवून तेथे नौका उतरविण्यापूर्वी संबंधित खात्याची परवानगी घ्यावी आणि पाण्यात तेल सांडणार नाही याची काळजी घ्यावी. पंखा बदलायला अर्धा तास लागतो. ही पथ्ये पाळायला तेवढाही लागत नाही.