माणसं निघून गेल्यावरचा रस्ता

२०२० च्या उन्हाळ्यात किराणा दुकानांपुढे चुन्याचे गोल उमटले. बेळगावात, निपाणीत, गावोगाव. एका गोलात एकच गिऱ्हाईक. दुपारी शटर खाली आलं की डांबरावर गोल तेवढे उरत, चपलांनी मधोमध पुसट झालेले. टाळेबंदीतल्या ओस रस्त्यांचे असंख्य फोटो निघाले आणि विसरलेही गेले. गोलांचा फोटो मात्र डोळ्यांपुढून हलत नाही, कारण त्यात उभं राहायची जागा आखलेली दिसते.

रस्ता नुसता रिकामा असून भागत नाही; त्यावर माणसाची खूण उरावी लागते. १८३८ च्या सुमारास फ्रेंच छायाचित्रकार दागेरने पॅरिसचा एक हमरस्ता टिपला, तेव्हा तो गजबजलेलाच होता. पण प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत, त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या सगळं पुसलं गेलं. राहिला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक जण. पुढे त्याच शहरात छायाचित्रकार युजीन अॅजेने, बहुधा माणसांविना, दुकानांच्या काचा, जिने, अरुंद गल्ल्या टिपण्यात आयुष्य घालवलं.

मुंबईतला दाखला जास्त बोचणारा आहे. १८९६-९७ च्या प्लेगात घरांच्या भिंतींवर रोगाची नोंद म्हणून वर्तुळं रंगवली जात. अशा घरांचे फोटो आज उपलब्ध आहेत. ते पाहताना आपण नकळत वर्तुळं मोजू लागतो.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात माणसांची ही खूण बहुधा अक्षरांची असते. बेळगावजवळच्या येळ्ळूरमध्ये ‘महाराष्ट्र राज्य’ असं लिहिलेला फलक वर्षानुवर्षं वेशीवर होता. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून तो काढला, गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, पुन्हा काढला गेला, लाठीमार झाला. लाठीमाराचा फोटो त्या दिवसापुरता. फलक उखडल्यावरच्या मोकळ्या जागेच्या फोटोत मात्र १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनची सल मावते.

टाळेबंदीच्याच वर्षी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, बेळगावजवळच्याच पिरनवाडीच्या चौकात एका रात्रीत कित्तूरचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांचा पुतळा उभा राहिला आणि वाद पेटला. बैठकीत तोडगा निघाला: पुतळा राहील, चौक छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखला जाईल. पहाटे, वाहनं सुरू होण्याआधी, तिथे कॅमेरा लावणाऱ्याला माणसाची वाट पाहावी लागत नाही. पुतळा आणि चौक एका चौकटीत येतील एवढं मागे सरकलं की झालं.