जुना कम्प्युटर फेकू नका: उबुंटू टाकायचं की आपलं बॉस लिनक्स?



झरी, तलासरी, डहाणू भागात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, घरचा जुना कम्प्युटर चालेल का?"

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही. आणि आपल्या मशीनवर तर गिऱ्हाइकाचं आधार, पासबुक सगळं येतं, त्यामुळे सुरक्षा अपडेट नसलेली सिस्टीम चालवणं धोक्याचंच. अशा वेळी मोफत लिनक्सचा विचार करा. नव्या मशीनचे पैसे वाचले, तर ते लॅमिनेशन मशीन आणि कागदाच्या स्टॉकला लावता येतील.

दोघांचं मूळ एकच

उबुंटू २००४ मध्ये आलं, कॅनॉनिकल कंपनीचं. बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, २००७ मध्ये सी-डॅकनं आणलं. सी-डॅक म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेली, परम महासंगणक बनवणारी सरकारी संस्था. दोन्ही सिस्टीम डेबियन लिनक्सवर उभ्या आहेत. त्यामुळे एक शिकलात की दुसरी अर्धी येतेच.

फरक कुठे?

*अपडेट:* उबुंटूची दीर्घ सपोर्टवाली आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला ५ वर्षं अपडेट मिळतात. २४.०४ आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल. धंद्यात असं आधीच माहीत असलेलं बरं.

*भाषा:* बॉस भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलंय. आपण गुजरातच्या सीमेवर, एक अर्ज मराठीत तर दुसरा गुजरातीत. उबुंटूवरही दोन्ही भाषा टाइप होतात, फक्त कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन त्या जोडाव्या लागतात.

*मदत:* रात्री आठला प्रिंटर अडला, तर उबुंटूचं उत्तर इंटरनेटवर लवकर सापडतं. बॉस मुख्यतः सरकारी कार्यालयं आणि शाळांसाठी, त्यामुळे त्याचे वापरणारे कमी.

माझं मत? एकट्यानं दुकान सांभाळणाऱ्यानं उबुंटू घ्यावं, मात्र रॅम किमान ४ जीबी हवी. मुख्य काम मराठी टायपिंगचं असेल तर बॉस जरूर बघा.

पण आधी हे तपासा

टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे. आधारवर पैसे काढून देणार असाल, तर अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, हे विकत घेण्याआधीच विचारा. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइल त्या फॉन्टशिवाय वाचता येणार नाहीत. यातलं एक जरी काम रोजच्या गल्ल्याचा मोठा भाग असेल, तर एक मशीन विंडोजचंच ठेवा. फुकटची सिस्टीम घेऊन गिऱ्हाईक परत पाठवणं परवडत नाही.

एका दुपारची परीक्षा

जुन्या फाइलींचा बॅकअप घ्या. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर सिस्टीम घ्या आणि इन्स्टॉल न करता नुसती चालवून बघा. चार कामं करा: वायफाय जोडा, तुमच्याच प्रिंटरवर प्रिंट काढा, मराठीत एक अर्ज टाइप करा, ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल उघडा. चारही झाली, तरच इन्स्टॉल करा.

सिस्टीम कुणाची भारी, यावर वाद घालत बसू नका. काउंटरवरचं काम जिच्यावर अडत नाही, ती तुमची.