एम. ए.चा शीण

पदव्युत्तर वर्गातली मुले अभ्यासाने थकतात असे म्हटले की आपल्या जुन्या घरांतून हमखास उद्गार निघतो : आम्ही काय कंदिलाखाली शिकलो नाही? शिकलात, हे खरेच. पण त्या कंदिलात तेल कोण भरी आणि जेवणाचे ताट कोण वाढी, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

गेल्या हिवाळ्यात लोंढा, रामनगर असे करीत मी कारवार जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात गेलो होतो. हा मुलूख पूर्वी सुपे या नावाने ओळखला जाई. काळी नदीवरील धरण 1987 साली पुरे झाले आणि मूळ सुपे गाव पाण्याखाली गेले. चहूकडे जंगल, वाड्या विखुरलेल्या. इथल्या मुलाला एम. ए. वा एम. एस्‌सी. करायचे तर कारवार, नाहीतर धारवाड गाठावे लागते. घरची बोली कोकणी किंवा मराठी, शाळा बहुधा कानडी आणि वरच्या वर्गाची पुस्तके इंग्रजी. म्हणजे एकच पान दोनदा वाचायचे : एकदा भाषेसाठी, एकदा विषयासाठी. हा दुसरा तास कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेला नसतो. त्यातच सहामाही परीक्षा, अंतर्गत चाचण्या आणि वर्षातून दोनदा येणारी 'नेट'. मग मुले झोपेतून वेळ कापतात. तोच सौदा सर्वांत महाग! वाचलेले मनात मुरते ते बव्हंशी झोपेत. आणि एका रात्रीत कोंबलेल्यापेक्षा थोडेथोडे, अंतर ठेवून वाचलेले अधिक टिकते, हे एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 सालीच दाखविले होते.

या शिणाला 'बर्नआउट' हे नाव अमेरिकेत फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये रूढ केले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली त्याची तीन लक्षणे सांगितली : गळून जाणे, कामाविषयी मन विटणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. मात्र ही व्याख्या तिने नोकरीपुरतीच ठेवली. विद्यार्थ्याला पगार नाही, तेव्हा त्याचा थकवाही हिशेबात नाही!

लोकमान्यांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालवून प्रकृती कमावली, परीक्षेची पर्वा केली नाही, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. परंतु आजच्या गरीब मुलाने तसे वर्ष घालवले तर त्याची शिष्यवृत्ती बहुधा जाते, आणि घरी 'नापास' हा एकच शब्द उरतो. विश्रांती हीही ऐपतीची बाब झाली आहे.

जोयड्याचे कुणबी पूर्वी कुमरी करीत. जंगलाचा तुकडा साफ करून एकदोन वर्षे नाचणी घ्यायची, मग तो कित्येक वर्षे पडीक सोडायचा. इंग्रजांच्या जंगल खात्याला ती पडीक जमीन म्हणजे आळस वाटला आणि कुमरीवर बंधने आली.

ज्या घरी मी उतरलो होतो तेथली मुलगी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महिन्यातून एका रविवारी ती घरी येते. त्या दिवशी पुस्तक उघडत नाही, आईबरोबर परसात कंद खणते. "मास्तरांना सांगू नका हो," ती म्हणाली, आणि हातातल्या कंदाची माती झाडू लागली.